सारखा सारख्याला काय देणार?

“विश्वातलं बहुतेक वस्तुमान आपल्याला दिसतच नाही. मग ते कशाचं आहे, सर?”

“माहीत नाही,” खानझोडे सर म्हणाले.

क्षिप्रा उमाठेच्या चेहऱ्यावर हसू आलं. सरांनी ‘माहीत नाही’ म्हटलं की प्रवेश पक्का, असं ती ऐकून आली होती.

“पण हा प्रश्न तुझा नाही. रविवारच्या पुरवणीतला आहे.”

हसू गेलं.

नागपुरात पदार्थविज्ञान शिकवता शिकवता सरांचे केस पिकले होते. निवृत्तीनंतरही विद्यापीठानं त्यांच्यासाठी एक खोली ठेवली होती, आणि यंदा ते संशोधनासाठी शेवटचा विद्यार्थी घेणार होते. अट एकच. सरांना हात टेकायला लावील असा प्रश्न आणायचा, आणि तो स्वतःचा हवा. सुवर्णपदकवाले कितीतरी जण नुसता चहा पिऊन परत गेले होते. क्षिप्रालाही एकदा परत पाठवलं होतंच, आणि अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती. मी, सरांचा जुना विद्यार्थी, शेजारच्या टेबलावर पेपर तपासत बसलो होतो. मला सरांनी कसं घेतलं, ते विचारू नका.

“कृष्णविवरात पडलेली माहिती कुठं जाते?” क्षिप्रानं विचारलं.

“हा तुझ्या मास्तरांचा.”

“काळ उलटा का वाहत नाही?”

“हा माझ्या मास्तरांचा.”

...

क्षिप्रा नाकावर माशी बसू न देणारी मुलगी. ती उठलीच. “मग स्वतःचा प्रश्न मिळतो कुठं? सीताबर्डीच्या बाजारात?”

सरांनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

रागानं तिला उकडायला लागलं. तिनं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. जानेवारीची कोरडी हवा होती. तडतड झाली आणि सगळे केस उभे राहिले. मी हसू पेपरमागं लपवलं.

तिनं केस दाबले. ते पुन्हा उठले.

ती थांबली.

“केसांनी इलेक्ट्रॉन दिले, स्वेटरनं घेतले,” ती स्वतःशीच बोलली. “पण दोघं सारखेच असते तर?”

“कोण दोघं?”

“घासणारे. एकाच वस्तूचे दोन तुकडे. मग द्यायचं कोणी आणि घ्यायचं कोणी?”

“कोणीच नाही,” सर म्हणाले. “सारखा सारख्याला काय देणार?”

हे ते मनापासून म्हणाले की तिला डिवचायला, ते मला आजवर कळलेलं नाही.

क्षिप्रानं खोलीभर नजर फिरवली. कपाटात सरांना सत्कारात मिळालेल्या शालींची चळत होती, प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट. एकीचीही घडी मोडलेली नव्हती.

“एक पिशवी कापू?”

“काप. शाल इकडं दे, गारठा आहे.”

तिनं पिशवीच्या दोन पट्ट्या कापल्या, एकमेकींवर घासल्या आणि शेजारी शेजारी लोंबत्या धरल्या. पट्ट्या हळूच सरकल्या आणि एकमेकींना चिकटल्या.

“दिलं,” ती म्हणाली. “कोणीतरी दिलं.”

“कोणी?”

तिनं पर्समधला प्लॅस्टिकचा कंगवा केसांत घासून जवळ आणला; कंगवा केसांकडून इलेक्ट्रॉन घेतो, आणि सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात. वरून घासलेली पट्टी कंगव्यापासून लांब पळाली, खालची त्याच्याकडे ओढली गेली. लांब पळाली तिनं घेतलं होतं, ओढली गेली तिनं दिलं होतं. नव्या पट्ट्या कापल्या. या वेळी उलटंच झालं. पुन्हा नव्या कापल्या, आणि काही नियम म्हणून दिसेना. शालींच्या पिशव्या संपत चालल्या. मग काटकसर म्हणून तिनं एक वापरलेली पट्टी उचलून कोऱ्या पट्टीवर घासली.

वापरलेलीनं घेतलं. दुसऱ्या वापरलेलीनंही घेतलं. तिसरीनंही.

“जुना चार्ज उरला असेल,” सर म्हणाले.

तिनं ती पट्टी सर चहा करायचे त्या स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून, जरा लांबूनच, फिरवली. कागदाचे कपटे जवळ धरले. कपटे ढिम्म. ज्योतीजवळच्या हवेत चार्ज पार निसटून गेला होता. मग तिनं तीच पुन्हा कोऱ्या पट्टीवर घासली.

वापरलेलीनंच घेतलं.

“सर... हिला आठवतं का? आपण आधी घासलो गेलोय म्हणून?”

सर खुर्चीतून उठले. शाल खांद्यावर तशीच ठेवून फरशीवर मांडी घालून बसले आणि सगळं स्वतः करून पाहिलं. मग परत केलं.

“अलीकडे असं काहीसं वाचलंय मी,” ते म्हणाले. “जगात चार ठिकाणी लोक यावर डोकं आपटताहेत.”

क्षिप्राचा चेहरा पडला. “म्हणजे हाही दुसऱ्यांचाच.”

“तू कुठं ऐकलास?”

“कुठंच नाही. आत्ता दिसला.”

“मग तो कोणाचा?” सर म्हणाले.

तिच्या लक्षात आलं. कापलेल्या प्लॅस्टिकच्या ढिगात ती त्यांच्यासमोर फतकल मारून बसली, आणि सकाळपासून आणलेला सगळा पुस्तकी आब गळून तिच्या तोंडून थेट घरची बोली आली.

“पण असं होते काहून, सर?”

...

“माहीत नाही,” सर म्हणाले.

तेच दोन शब्द, पण या वेळी ते पेढे वाटावेत तसे म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. तपासलेले पेपर न तपासलेल्यांत मिसळले. सरांनी तिच्या अर्जावर सही केली, ती फरशीवरच.

क्षिप्रानं डोळे पुसले. केस अजून उभेच होते आणि तिला त्याचं काही नव्हतं.

“उद्या मी किती वाजता येऊ, सर?”

सर गुडघ्यावर हात टेकून उठले. खोलीची किल्ली खिशातून काढून त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली.

“मी किती वाजता येऊ, ते सांग.”