पोथीची गाठ

फार वर्षांपूर्वी जंगलातला एक आश्रम ओस पडला आणि ऋषींची पोथी तिथेच राहिली. तिच्यात देवांच्या कथा होत्या, औषधंही होती. म्हातारा वानर रोज तिच्यावर फुलं वाहायचा. पण तिच्या तांबड्या कापडाची गाठ त्याने कधी कुणाला सोडू दिली नाही.

एकदा हरिणीचं पाडस तापाने फणफणलं. वानर म्हणाला, "पोथीला अकरा प्रदक्षिणा घाल." हरिणीने घातल्या. तरी ताप उतरेना. पाडसाने दूधही सोडलं.

आश्रमाच्या वळचणीला राहून शिष्यांबरोबर अक्षरं शिकलेली एक साळुंकी होती. हरिणी तिला म्हणाली, "ताई, तुला वाचता येतं. बघ ना, त्यात काही उपाय आहे का."

"पोथी विटाळेल!" वानर आडवा आला.

"विटाळली तर पाप माझ्या माथी," असं म्हणत हरिणीने दातांनी गाठ सोडली.

साळुंकीने चोचीने पानं उलटली. अश्विनीकुमारांच्या कथेखाली लिहिलं होतं, 'तापात गुळवेलीचा रस द्यावा. आजाऱ्याला एकटं सोडू नये.'

गुळवेल कुंपणावरच होती. रस पाजून हरिणी पाडसाला बिलगून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं अंग निवलं आणि ते लुचू लागलं. हरिणीच्या डोळ्यांना धार लागली.

वानर साळुंकीजवळ आला. "मला अक्षर येत नाही गं," तो हळूच म्हणाला. "कुणी अर्थ विचारला तर काय सांगू, या भीतीनेच उघडू देत नव्हतो."

साळुंकी थोडी सरकली. "बसा आजोबा. हा बघा, 'अ'."