हौसाक्कानं शब्द पाळला

दौलतराव निंबोरे पंचायत समितीपासून चढत चढत मंत्री झाले. वाटेत त्यांनी पक्ष तीनदा बदलला होता. बोरमाळ गावानं यंदा त्यांना मतं कमी दिली, तो राग मनात धरूनच ते गावच्या सभेला आले.

माइक हातात घेऊन ते गरजले, "मला मत न देणाऱ्यांनी हात वर करा. नाहीतर तुमची नळयोजना आजच रद्द!"

सभा हादरली. मंत्री असं काही बोलेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्या हौसाक्कानं हात वर केला. शेजारणीनं पदर ओढला, तरी ती उठून उभी राहिली.

"का नाही दिलंस मत?"

"सायेब, मागल्या निवडणुकीला तुम्हीच हितं हात जोडून सांगितलं हुतं, किटलीच्या चिन्हाला मत देईल त्यो गावाचा वैरी. म्या तुमचा शब्द पाळला. औंदा तुम्हीच किटली घिऊन आला, त्याला म्या काय करू?"

दौलतराव माइक खाली ठेवून शेजारच्या अधिकाऱ्याला हळूच म्हणाले, "योजना राहू द्या."

बोरमाळला पाणी आलं. दौलतरावांनी मात्र त्यानंतर कुठल्याच भाषणात कुठल्याच पक्षाला नावं ठेवली नाहीत.