महिरपी कंसातली आई

एकदा एक गणिताचे शिक्षक होते, खांबेटे सर. निवृत्त झाले ते फक्त हजेरीपटावरून. जुने विद्यार्थी कुठे अडले की अजूनही त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत.

एका दुपारी हेमलता आली. वय बावन्न, दिवसभर कचेरी, आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. तिने वृद्धाश्रमाचा अर्ज पुढे केला.

"सर, ओळखीच्या माणसाची सही हवी आहे. मी संपले आता. घरात पाऊल टाकल्यापासून आईची नुसती हाकामारी. सतत काही ना काही हवंच असतं."

"काय काय हवं असतं?" सरांनी कागद दिला. "नववीत संच शिकवला होता, तसा महिरपी कंस काढ आणि लिही."

तिला ही थट्टा वाटली, रागही आला. तरी लिहीत गेली. पाणी दे. उशी सरळ कर. दार लावलंस का? खिडकी उघड. फोन कुणाचा होता? परत कधी येशील? चोवीस ओळी झाल्या.

सरांनी पेन उचललं आणि एकेक ओळ खोडत गेले. एकच ठेवली: परत कधी येशील?

"आणि बाकीचं कोण करणार, सर? तुम्ही?"

सर हसले नाहीत. "घटक कितीदाही आला तरी संचात एकदाच लिहायचा. दोन अधिक दोन आणि चार दिसायला निराळे, म्हणून ते दोन घटक होत नाहीत. आत्ताच पाणी प्यायलेली बाई पुन्हा पाणी मागते, तेव्हा तिला तहान नसते, हेमा. तू खोलीत हवी असतेस. तेवीस मागण्या पुरवताना तू झिजलीस, आणि जी खरी होती तिला वेळच उरला नाही."

मग त्यांनी अर्जावर सही केली. "यात पाप नाही. तुझा थकवा खरा आहे. पण आई तिथे गेली, तरी हा एक घटक सोबत नेईल."

त्या संध्याकाळी हेमलता चपला काढून थेट आईच्या खाटेवर टेकली. काही आणलं नाही, काही आवरलं नाही. आई तिचा हात धरून झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी हाका पुन्हा सुरू झाल्या, खोटं कशाला सांगू. हेमलता दमलेलीच आहे. अर्जावर तारीख तिने अजून घातलेली नाही. मात्र हाक आली की आता ती आधी रिकाम्या हातांनी जाते.