थांबलेल्या वाऱ्याची टेकडी

दक्षिण डकोटाच्या माळावर एक बुटकी टेकडी आहे. तिच्यावरचं गवत बारा महिने दक्षिणेकडे झुकलेलं असतं. पाहुण्यांना त्याचं नवल वाटतं. तिथले लाकोटा, ज्यांना बाहेरचे लोक सू म्हणतात, तिला थांबलेल्या वाऱ्याची टेकडी म्हणतात.

फार मागे, गव्यांच्या कळपांमागे वस्ती फिरत होती तेव्हा, हान्तेविन नावाच्या बाईची सहा वर्षांची लेक तापाने गेली म्हणे. रीतीप्रमाणे तिने मुलीच्या केसांची बट कातड्यात बांधून तंबूत ठेवली. आत्मा वर्षभर त्या बटेपाशी राहतो, अशी श्रद्धा. तोवर घरात भांडायचं नाही, सुरीला हात लावायचा नाही. हान्तेविनने सारं निगुतीने पाळलं. वर्ष भरलं की गाठ सोडून आत्म्याला दक्षिणेच्या, मेलेल्यांच्या मुलखाच्या वाटेला लावायचं आणि घरातलं सगळं वाटून टाकायचं. पण आईचं काळीज ते. वर्षभरात तिने लेकीसाठी हरणाच्या कातड्याचे जोडे शिवले होते, तेही बोटभर मोठे. पोर एव्हाना वाढली असती ना.

ठरल्या दिवशी ती बटेची पुरचुंडी आणि जोडे घेऊन टेकडीवर जाऊन बसली, पण गाठ काही सोडेना. आणि वारा पडला. चार दिवस माळावर पातं हललं नाही, धूर तंबूंवरच साचून राहिला, असं सांगतात. वस्ती घाबरली, पण तिला ओढून आणायला कुणी धजेना. शेवटी तिचा म्हातारा मामा तोकाला वर चढला.

“पोरी, वर्षभर तू तिला सांभाळलंस. आता अडवते आहेस.”

“तिकडे तिला ओळखणारं कोण आहे, मामा?”

“तुझी आई आहे. तुझ्यासारखीच हट्टी. नातीची वाट बघत उभी असेल.”

हान्तेविन पोटभर रडली. मग तिने गाठ सोडली. वारा असा उठला, की टेकडीवरचं सगळं गवत दक्षिणेकडे लवलं, ते पुन्हा सरळ झालंच नाही.

खाली येऊन तिने तंबूसकट सारं वाटलं. जोडे मात्र हातून सुटेनात. तेवढ्यात शेजारणीची अनवाणी पोर समोर येऊन उभी राहिली. हान्तेविनने खाली बसून ते तिच्या पायांत घातले. ते बरोबर बसले.

आजही, मूल गमावलेली आई वर्ष भरलं की या टेकडीवर चढते. ती कितीही वेळ बसली तरी खालून कुणी हाक मारत नाही. ती उतरू लागली, की वस्तीतलं एखादं मूल अनवाणी जाऊन पायथ्याशी उभं राहतं.