साहेबांचं हे जाणं कुठलं?

बोंबील वाळत घालायची किनाऱ्यावरची जागा रिकामी करून घ्यायला सरकारी साहेब आले आणि अख्खा कोळीवाडा सभेला लोटला. जागा गेली तर घराघरातली चूल विझणार! चांगुणा तांडेल बोलायला उठली, तसे साहेब खो खो हसले.

"चौथी शिकलेली बाई मला शिकवणार? अगं, नुसतं पळून जायला इंग्रजीत पाच शब्द आहेत. एस्केप, फ्ली, बोल्ट, स्कूट, डिकॅम्प! याला तोडीस तोड उत्तर दे, जागा तुमच्या नावे करतो!"

चांगुणाची जीभ कुठली गप्प बसते!

"साहेब, आमच्याकडे माशांना पन्नास नावं. का? तर जन्मभर मासळीच करतो. ज्याचं जे रोजचं काम, त्याला त्याचीच नावं फार! तुमच्या इंग्रजीत पळायचीच एवढी, मग तुमचा धंदा कसला समजायचा?"

हसून हसून किनारा हादरला. साहेबांनी फाइल काखोटीला मारली आणि जीपकडे अशी धूम ठोकली, की पेन टेबलावरच राहिलं.

चांगुणा पेन घेऊन मागे धावली.

"अहो साहेब, सही करून जा! आणि हे जाणं पाचांतलं कुठलं, तेवढं सांगा!"

सही जीपच्या बॉनेटवर झाली. बोंबील अजून तिथंच वाळतात.