ऊन किती तास?

सौरविजेची पाहणी करायला तेलंगसाहेब डोंगरांच्या कुशीतल्या झरवाडीत आले. ‘रोज ऊन किती तास?’ या रकान्यात त्यांनी ‘दोन’ लिहिलं आणि सुनावलं, “गावात ऊनच नाही. वीज विसरा!”

सरपंच अनसूयाबाई गोताड शांतपणे म्हणाल्या, “दमला असाल. आधी पाय धुऊन घ्या.” आणि त्यांना झऱ्याच्या कुंडापाशी घेऊन गेल्या.

साहेबांनी ऐटीत पाय बुडवला आणि किंचाळून बाहेर काढला. “अहो, केवढं ऊन आहे हे पाणी!”

“आहे ना ऊन?” बाई म्हणाल्या. “आमचं ऊन खालून येतं, साहेब. ते ढगाआड जात नाही की मावळत नाही. वीज याच्यावरही होते, विचारत कुणी नाही एवढंच. आता ‘दोन’ खोडा, ‘चोवीस’ लिहा.”

ओला पाय तसाच ठेवून साहेबांनी आधी पेन काढलं.