दारातला भुसा

गोष्ट फार पूर्वीची म्हणतात, पण खरं तर ती आजही घडत असते. काळजाच्या एका पेशीत एक गाव होतं, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं लहान. गावात शेकडो भट्ट्या होत्या. पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात, पण गावाला त्या भट्ट्याच. त्यांच्या जोरावर काळीज धडधडत असे.

गावाची एक रीत होती. गेरूची वाटी घेऊन फिरणारी एक गेरूवाली रोज सकाळी प्रत्येक भट्टीच्या दारात मूठभर भुसा टाकी. भट्टी धडधाकट असली की भुसा क्षणात आत ओढला जाई. तो दारातच साचून राहिला, तर समजायचं की भट्टीत दम उरला नाही. मग गेरूवाली तिच्यावर गेरूचे ठिपके लावी. ठिपके बघून झोळीवाले येत, अख्खी भट्टी झोळीत गुंडाळत आणि आंबट पाण्याच्या हौदात नेऊन विरघळवत.

एकदा काळजावर मोठा ताण आला. भट्ट्या दिवसभर भडकलेल्या, जिकडेतिकडे जळजळीत ठिणग्या. त्याच सुमारास गेरूवाली सगळ्यांत जुन्या भट्टीपाशी आली, तर दारात भुशाचा ढीग.

याच भट्टीच्या उबेला ती लहानाची मोठी झाली होती. म्हातारा भट्टीवाला तिची वाट अडवून उभा राहिला.

"पोरी, एवढी वेळ जाऊ दे. सगळा जन्म गेला माझा हिच्यापाशी."

गेरूवालीचं मन विरघळलं. शेकडो भट्ट्यांतल्या एकीने असं काय बिघडणार आहे? तिने केरसुणी उचलली आणि भुसा झाडून टाकला. आता भुसा झाडल्याने कुठे भट्टी बरी होते? पण माया लागली की शहाण्यालाही एवढं सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा भुसा झाडला. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या भट्टीची भिंत तडकली. तिथून उडालेल्या ठिणग्यांनी शेजारची तरणी भट्टी भाजून निघाली, आणि काळजाचा एक ठोका चुकला. सारं गाव हादरलं.

गेरूवाली धावत आली. तरण्या भट्टीच्या दारातला भुसा अगदी रेंगाळत आत जात होता. ती तशीच म्हाताऱ्यापाशी गेली.

"आजोबा, चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमच्या मायेपोटी मी भुसा झाडत राहिले. पण ही आता ऊब देत नाही, नुसत्या ठिणग्या देते. आज हिला ठेवलं, तर उद्या शेजारची जाईल, परवा गाव."

म्हाताऱ्याने शेजारची भाजलेली भिंत पाहिली. मग त्याने गेरूची वाटी तिच्या हातातून घेतली.

"पहिला ठिपका मी लावतो," तो म्हणाला. "मीच सांभाळली, मीच निरोप देतो."

बाकीचे ठिपके गेरूवालीने भराभर लावले. झोळीवाले आले. झोळीची गाठ बसली आणि ठिणग्या थांबल्या. हौदात भट्टी सुटी सुटी होत गेली, वीट न वीट स्वच्छ होऊन वर आली. म्हातारा काठावर बसून डोळे पुसत होता.

त्याच विटांनी गावाने तरण्या भट्टीची भिंत सावरली. उरलेल्या विटांवर तिने असं अंग धरलं, की काही दिवसांत एकीच्या दोन भट्ट्या झाल्या. दुसरी गावाने म्हाताऱ्याच्या हवाली केली.

गेरूवालीने तिच्या दारात मूठभर भुसा टाकला. म्हाताऱ्याने श्वास रोखून धरला. सर्रकन भुसा आत गेला, दारात कणही उरला नाही.

"माझ्याच विटा आहेत त्या," म्हातारा सगळ्या गावाला सांगत सुटला. आणि वर काळीज पुन्हा ठणठणीत धडधडू लागलं, एकही ठोका न चुकवता.

तात्पर्य एवढंच: मायेपोटी बिघाड झाकला, तर तो शेजाऱ्यालाही जाळतो; वेळेवर निरोप दिला, तर त्याच विटांतून नवं उभं राहतं.